डाव्या बाजूचा देश

सांगदूने मला ते सांगितल्यापासून माझ्या घशाखाली धड घास उतरत नव्हता, आणि हे महाशय बुसान बंदरावर ट्रकच्या पायरीवर बसून निवांत उकडलेली अंडी सोलत होते.

हे महाशय म्हणजे माझे यजमान, मा पानगिल. मी कुमोक. आमचा धंदा जिवंत वाम मासळीचा. तोंगयोंगच्या धक्क्यावर वाम ट्रकच्या टाक्यांत भरायची, वर समुद्राचं गार पाणी आणि ऑक्सिजन चालू ठेवायचा, बुसानला येऊन ट्रकसकट संध्याकाळच्या जहाजावर चढायचं आणि सकाळी जपानात शिमोनोसेकीला उतरून ती बाजारात पोचवायची. मेलेल्या वामीला तिथे कुत्रंही विचारत नाही. आमची मिरांग रांगत होती तेव्हापासून हे असंच चाललंय. मिरांगला आता स्वतःची पोरं आहेत.

वाम जगवणं एक वेळ सोपं. खरी गोची आहे ती रस्त्याच्या बाजूची. आपल्याकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची, तिकडे डाव्या. जहाजात झोपून उठायचं, रॅम्पवरून खाली उतरायचं, की सगळं उलटं. परत आलं की पुन्हा सुलटं. त्यासाठी जो तो आपापली युक्ती करतो. कोणी आरशाला लाल हातमोजा बांधतो, कोणी घड्याळ या मनगटावरून त्या मनगटावर घेतो. आमचे हे सगळ्यांना हसायचे. म्हणायचे, "असले गंडेदोरे मला लागत नाहीत. रॅम्प उतरला की माझ्या बुडालाच कळतं कुठला देश आला ते."

आणि मागच्या खेपेला ते बुड चुकलं.

हे मला सांगितलं चू सांगदूने. तो यांच्याच हाताखाली ट्रक शिकला, आता स्वतःचा ट्रक याच जहाजावर नेतो, यांना दादा म्हणतो आणि मला वहिनी. हे घरी नाहीत बघून आला. कॉफी दिली तर नको, फळं कापली तर नको. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, परवा दादा बुसान बंदरातून बाहेर पडले ते डाव्या बाजूने. पुलाखालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत तसेच गेले. मी मागून हॉर्न मारून मारून थकलो. समोरून बस आली. बसवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. आणि ही पहिली वेळ नाही." एवढं बोलून बूट घालून गेलासुद्धा.

सासूबाईंचं मला आठवत होतं. शेवटी शेवटी त्या तांदळाच्या डब्यात चपला ठेवायच्या आणि मला विचारायच्या, "बाई, तुम्ही कुणाच्या?" ती वाट मी एकदा चाललेय. पण या माणसाला विचारायचं कसं? ट्रक काढून घेतला तर यांच्यात उरतं काय? जेवताना सुद्धा दोन्ही हात वाटीला असे धरतात, जसं काही स्टिअरिंग.

तर मी ठरवलं. या खेपेला बरोबर जायचं आणि सकाळी त्या रॅम्पवरून ट्रक यांना उतरवू द्यायचा नाही. मोठी गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडे आहे. यांची कंबर धरते तेव्हा तोंगयोंगहून बुसानपर्यंत मीच ट्रक आणते. परदेशात चालवायचा परवानाही गुपचूप काढून आणला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. एकच भानगड होती. डाव्या बाजूने मी आयुष्यात कधी सायकलसुद्धा चालवलेली नाही.

"मी पण येते," मी यांना म्हटलं होतं. "मिरांगच्या पोरांसाठी तिकडची पोटाची औषधं आणायचीत."

"ये की," हे म्हणाले. "जहाज काय माझ्या बापाचं आहे?"

तिकिटाच्या खिडकीवर मी माझंही नाव ड्रायव्हर म्हणून लिहायला लावलं. हे बाजूलाच उभे होते. बघितलं आणि काही बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

"अंडं खा," हे पायरीवरून म्हणाले.

"नको."

"तोंड का असं केलंयस? जहाज लागायच्या आधीच मळमळतंय का?"

"तुम्हीच खा. तुमचं बरं आहे, तुम्हाला काही होत नाही."

"होतं की. दोन अंड्यांनी गॅस होतो," असं म्हणून यांनी तिसरं सोललं. माझा असा संताप झाला!

जहाजाचं मागचं दार उघडलं, रॅम्प खाली आला आणि एकेक ट्रक आत जायला लागला. मी यांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरला होता. पण काय सांगू, यांनी ट्रक असा चढवला की बघत राहावं. डेकवरचा मुकादम शिट्टी मारून हात करतोय, हे त्याच्याकडे बघतही नाहीत, आणि ट्रक भिंतीपासून तळहाताएवढ्या अंतरावर जाऊन थांबला. खलाशांनी चाकांना अडण्या लावल्या, साखळ्या आवळल्या. यांनी उतरून प्रत्येक टाकीचं झाकण उघडलं, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, कान लावून ऑक्सिजनची बुडबुड ऐकली आणि म्हणाले, "मजेत आहेत."

मला वाटलं, मीच मूर्ख. हा माणूस विसरतोय? याच्यापेक्षा मीच जास्त विसरते. आणि एकदा असं वाटलं म्हटल्यावर दुसरा विचार पाठोपाठ आलाच. सांगदू खोटं बोलला असेल तर? शिमोनोसेकीच्या बाजारातला कुवाबारा आमची सगळी वाम घेतो, दुसऱ्या कुणाची बघतसुद्धा नाही. सांगदूचा त्याच्यावर कधीपासून डोळा आहे. दादाला म्हातारा ठरवला, घरी बसवला, की गिऱ्हाईक आयतं याच्या पदरात. आणि मी बावळट, त्याच्यापुढे फळं कापत बसले होते!

वर ड्रायव्हर लोकांच्या खोलीत सगळ्यांनी गाद्या पसरल्या होत्या. एका कोपऱ्यात पत्त्यांचा डाव पडला होता. मी डबा उघडला. साधे भाताचे रोल, सोबत तिखट माकुळ आणि मुळ्याचं किमची. हे पोटभर जेवले. मी जेवायचं नाटक केलं आणि यांची परीक्षा घ्यायला लागले.

"अहो, मिरांगच्या धाकट्याचं नाव काय हो? माझ्या जिभेवर येत नाहीये."

"हाजुन."

"आणि आपण पहिला ट्रक घेतला तो कुणाकडून?"

"खोसोंगच्या टकल्याकडून. क्लच खराब होता. त्याने सांगितलं नाही, साल्याने."

"आणि माझ्या आईचं घर..."

यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "काय गं, सरकारी परीक्षा घेतेयस का? पास झालो तर काय देणारेस?"

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. पत्त्यातला एक म्हणाला, "वहिनी, दादाला बायकोचा वाढदिवस विचारा. त्यात आम्ही सगळे नापास!"

"तो तर मला कधीच आठवत नव्हता," हे म्हणाले, "तेव्हा तो धरू नका." पुन्हा हशा. मी पण हसले. पण बसवेना. उठले, गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा उठले. जहाज सुटलं होतं आणि बुसानचे दिवे मागे पडत होते. पायाला भिंगरी लागल्यासारखी मी त्या बोळातून या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत होते.

गरम पाण्याच्या यंत्रापाशी सांगदू कपातल्या शेवयांवर पाणी ओतताना सापडला.

"काय रे," मी म्हटलं, "कुवाबाराला नमस्कार सांगितलास का तुझा?"

"कोण? का?"

"नाही, म्हटलं आता गिऱ्हाईक तुझंच व्हायचंय तर ओळख वाढवलेली बरी. तुला ट्रक शिकवला कुणी? क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कळत नव्हतं तुला. याच जहाजावर पहिल्यांदा आलास तेव्हा रॅम्पवर रडला होतास. यांनी तुझा ट्रक उतरवला आणि पुन्हा जाऊन स्वतःचा उतरवला. आणि तू त्यांना वेडं ठरवायला निघालास?"

त्याने कपावर झाकण ठेवलं. पत्त्यांचा आवाज थांबला होता. खोलीचं दार उघडं होतं आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जात असणार, पण मला कशाची लाज?

"वहिनी," तो हळू म्हणाला, "मला काय बोलायचं ते बोला."

"बोलणारच आहे! खरं सांग, बस आली होती का?"

"आली होती."

"शपथ घे."

"दादांनाच विचारा ना."

"तू सांगायला आलास, तूच सांग पुढचं. तेव्हा तोंड चाललं, आता का मूग गिळलेस?"

"मला बोलायची सोय नाही, वहिनी," तो म्हणाला आणि शेवया तिथेच ठेवून निघून गेला. मला आणखी राग आला. खरा माणूस असा पळतो का?

मी खोलीत परतले तर हे जागेवर नव्हते. थोड्या वेळाने मुकादमाच्या मागोमाग आले. टाक्या बघायला ड्रायव्हरना अधूनमधून खाली सोडतात, पण एकट्याला नाही, मुकादम सोबत लागतो.

"वहिनी, दादांना आवरा," मुकादम हसत म्हणाला. "आत्ताच तर खाली जाऊन आलो आम्ही. लगेच पुन्हा दाराशी उभे, चल टाक्या बघू म्हणून."

"वामीची काळजी वाटते मला," हे म्हणाले. "बायकोची वाटत नाही तेवढी वाटते."

सगळे हसले. यांच्या तोंडाकडे मी बघितलं. हेही हसत होते, पण डोळे हसत नव्हते. किंवा मलाच तसं वाटलं असेल. मी पडून राहिले. शेजारी हे घोरायला लागले, आणि माझ्या डोळ्याला डोळा लागेना. सांगदू खरा की हे खरे? सांगदू खरा असेल तर नवरा गेला हातचा. सांगदू खोटा असेल तर मी नवऱ्याच्या पाठीमागे परवाना काढून, त्याची चावी पळवायचा बेत करून निघालेली बाई. दोन्हीकडून मीच मेले.

उजाडलं तेव्हा जहाज उभं होतं. ते नेहमीच असं उभं राहतं. पोचतं केव्हाच, पण बंदरातलं पासपोर्टवाल्यांचं ऑफिस सकाळी उघडतं, तोवर बाहेरच नांगर टाकून ताटकळायचं. समोर शिमोनोसेकीचा डोंगर दिसतो, घरं दिसतात, रस्त्यावरच्या गाड्या दिसतात, सगळ्या डाव्या बाजूने चाललेल्या. आपण मात्र हललो तर शपथ. ज्याने ही पद्धत काढली त्याला एकदा माझ्या जागी आणून बसवायला हवं होतं.

हे तोंड धुवायला गेले होते. जाकीट खुंटीला होतं. मी इकडेतिकडे बघून खिशात हात घातला. आतून अंड्याच्या टरफलांची पुडी निघाली. दुसऱ्या खिशात खोकल्याच्या गोळ्या. चावी नाही.

"काय शोधतेस?" मागून आवाज आला.

"टरफलं," मी म्हटलं. "खिशात टरफलं ठेवतात का कोणी? वास मारतोय जाकिटाला."

"कचरापेटी सापडली नाही काल," हे म्हणाले. पँटच्या खिशावर त्यांनी हात ठेवला. चावी तिथे होती. मला दिसलं की यांना कळलंय. कळूनही काही बोलत नाहीत, म्हणजे काय समजायचं? मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. आता बोलू, मग बोलू. यांचा हात धरून सरळ सांगू, अहो, चावी द्या. पुन्हा वाटायचं, आणि हे धडधाकट असले तर? एवढ्या ड्रायव्हरांसमोर बायकोने चावी मागितली, तर हा माणूस पुन्हा या जहाजावर मान वर करून चढेल का?

शेवटी नांगर उचलला. भोंगा झाला. ड्रायव्हरांनी खाली गाड्यांच्या मजल्यावर जावं म्हणून पुकारा झाला. सगळे निघाले. हे सगळ्यांच्या मागे, आणि यांच्या मागे मी.

जहाजाच्या पोटात डिझेलचा आणि मासळीचा वास कोंडला होता. खलाशी साखळ्या सोडत होते. पुढच्या ट्रकांची इंजिनं सुरू झाली. मी मनात देवाचं नाव घेतलं. आता दाराशी हात धरायचा आणि म्हणायचं, म्हणायचं म्हणजे म्हणायचंच.

हे ट्रकच्या पुढून गेले. आमच्या ट्रकचं स्टिअरिंग डावीकडे. हे गेले उजवीकडच्या दाराकडे. दार उघडलं, वर चढले आणि बसले.

यांना वाटतंय ही जपानी गाडी आहे. स्वतःच्या ट्रकमध्ये, जिथे आयुष्य गेलं तिथे, यांना स्टिअरिंगची जागा आठवत नाहीये. इतकी वर्षं मी या माणसाशी कधी हळू आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"अहो," मी म्हटलं, "स्टिअरिंग त्या बाजूला आहे हो."

"आंधळा आहे का मी?" हे खेकसले. "दिसतंय मला. तू चढ तिकडून."

"मी?"

"मग काय वामींनी चालवायचा? परवाना काढलायस ना? कमरेला लावून फिरतेयस दोन दिवस. चढ लवकर, मागे गाड्या आहेत."

मी चढले. चढले म्हणजे कशी चढले ते मला माहीत नाही. यांनी चावी माझ्या हातात ठेवली. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं परवान्याचं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? फोटो काढायला म्हणून केस कुरळे करून आलीस. माझ्यासाठी कधी केले होतेस?" मग हे समोर बघत म्हणाले, "सांगदूला मीच पाठवला होता."

मी चावी लावायला गेले ती भलतीकडेच.

"मला सांगायचं होतं तुला. रोज ठरवायचो. तोंड उघडलं की हवेबद्दल बोलायचो, आज वारा आहे, उद्या पाऊस आहे. तुला वाटत असेल, म्हातारा रेडिओ झाला. शेवटी त्याला म्हटलं, तू जा आणि सांग. आणि मी पाठवलं म्हणालास तर तंगडं मोडीन."

"अहो! आणि मी काल त्या पोराला काय काय बोलले!"

"ऐकलं मी. चांगलं बोललीस. रडला होता ते मात्र सांगायला नको होतंस."

मला हसू की रडू कळेना, तर रडूच आलं. "काल ट्रक इतका छान चढवलात. मला वाटलं काहीच झालेलं नाही."

"तो हातांनी चढवला," हे म्हणाले. "हातांना येतं. मी बघत बसतो, कसं करतात ते. पण उतरताना ती रॅम्पची फळी खाली जाते ना, समोर रस्ता दिसतो, आणि दोन्ही बाजू सारख्या वाटतात. कुठल्या बाजूला जायचं कुणीच सांगत नाही. हात पण नाही सांगत. कुमोक, त्या बसमध्ये शाळेची पोरं होती."

लग्नानंतर यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. मिरांगची आई, अगं, ए, एवढंच माझं नाव. मी नाक पुसलं.

"पण मला डावी बाजू येत नाही हो!"

"मला येते. तू चालव, मी बोलतो. नीट ऐक. आपल्याकडे तू बसतेस ती बाजू रस्त्याच्या मधोमध असते. इथे तू बसलीस त्या बाजूला फुटपाथ. हात बाहेर काढलास तर झाडाला लागेल, एवढा जवळ फुटपाथ ठेवायचा. बाकी काही लक्षात ठेवू नकोस. कोण समोरून आलं तर माझ्या खिडकीकडून जाईल. मी बसलोय इथे."

मुकादमाने शिट्टी मारली. मला स्टिअरिंगवर बघून त्याची शिट्टी तोंडातच राहिली. मग काय समजला कोण जाणे, त्याने कमरेत वाकून हात केला, मोठ्या साहेबाला करतात तसा.

मी ट्रक हलवला. रॅम्पवर पुढचं टोक खाली झुकलं, मागे टाक्यांतलं पाणी डचमळलं, आणि हे म्हणाले, "हळू. वामीला लागेल. हं. आता सोड. शाब्बास." बंदराच्या आवारात कागद झाले, पासपोर्ट झाले, तपासनिसांचं टाक्यांत डोकावून झालं. फाटकाबाहेर सांगदूचा ट्रक कडेला थांबला होता. आम्ही दिसल्यावर तो हळूच निघाला आणि आमच्या पुढे राहून सावकाश चालला. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती, पण त्याच्या मागच्या दिव्यांवरून नजरही हटवता येत नव्हती.

"डावी," हे म्हणाले. "फुटपाथ जवळ घे. अजून. तो खांब लागणार नाही, घाबरू नकोस. सिग्नलला वळताना मोठ्या रस्त्याच्या पलीकडे जायचं नाही, जवळच राहायचं, डावी." त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता, ट्रक शिकवताना व्हायचा तसा. मी घामाने निथळत होते, पण आतून काहीतरी मोकळं होत होतं. जमेल, मला वाटलं. मी हात, हे डोळे. असे आम्ही आणखी कितीतरी खेपा करू. लोक हसले तर हसले.

"तुम्ही मला आधीच शिकवायला हवं होतं," मी म्हटलं.

"आधी शिकवलं असतं तर तू मला घरी ठेवून स्वतःच आली असतीस."

"आलेच असते. तुमच्या घोरण्यातून सुटका."

हे हसले. खरं हसले. मासळीबाजाराकडे जाणारा समुद्रकाठचा रस्ता लागला. रस्ता दुहेरी वाहतुकीचा, समोरून बर्फाचे ट्रक येत होते आणि यांच्या खिडकीला लागून निघून जात होते. एक गेला, दुसरा गेला. मी नजर सांगदूच्या दिव्यांवर ठेवली होती.

"आता उजवी धर," हे म्हणाले.

मला वाटलं वळायचंय. "बाजार उजवीकडे आहे का?"

"बाजार कुठला? बंदर सुटलं ना मागे," ते शांतपणे, समजावून सांगत म्हणाले. "आता पूल ओलांडला की तोंगयोंगचा रस्ता. घरी चाललोय आपण. उजवी बाजू धर, नाहीतर समोरून बस येईल."

आवाज तोच होता. शिकवतानाचा, खात्रीचा. समोरून बर्फाचा आणखी एक ट्रक येत होता, उजव्या बाजूने, सरळ.

"ऐकतेस ना? धर उजवी."

"धरली," मी म्हटलं, आणि होते त्याच बाजूला राहिले.

ट्रक यांच्या खिडकीजवळून निघून गेला. यांनी सुस्कारा सोडला, पाठ टेकली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"बघ," हे म्हणाले, "सोपं असतं."

"सोपं आहे," मी म्हटलं. पुढचे दिवे मला धूसर दिसायला लागले होते आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता.